वाढीचा फळा

फोन आला तेव्हा पेंटर शिडीवर होता. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाची पाटी चालली होती आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं अक्षर अर्धं झालं होतं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "तुम्ही जरा लवकर या." का, ते तिने सांगितलं नाही. पेंटरने फोन खिशात टाकला, हातातल्या ब्रशकडे पाहिलं आणि अक्षर पुरं केलं. ओला रंग अर्ध्यावर सोडला तर ओघळ येतो, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. हाताला तेवढंच ठाऊक होतं. चार मिनिटं गेली असतील. मग तो उतरला, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि निघाला.

तो पोचला तेव्हा बायकोच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. नर्स म्हणाली, "तुम्हाला फोन केला ना, त्याच्या आधीच गेल्या त्या. फोनवर सांगायचं नाही असा नियम आहे आमचा." म्हणजे त्या चार मिनिटांनी काही बिघडलं नव्हतं. पेंटरला ते पटलं. पटून काही उपयोग झाला नाही.

तो मार्चमधला गुरुवार होता. संध्याकाळी चर्चची माणसं घरी जमली, दुसऱ्या दिवशी दफन झालं. कबरीपाशी पाळकसाहेब बोलले. बोलणं त्यांना येतं, नळ सोडल्यासारखं येतं. ते म्हणाले, आपली ही बहीण आत्मिक वाढीच्या बाबतीत सगळ्यांना उदाहरण होती, जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोन्ही चौकोन तिने पूर्ण भरले होते. उघड्या कबरीच्या काठावर उभं राहून माणसाने चौकोन मोजावेत हे पेंटरला खटकलं. पण त्या दिवशी खटकण्यासारखं इतकं होतं की त्यात हे कुठल्या कुठे बुडून गेलं. तो त्यानंतर चर्चमध्ये गेला नाही.

चौकोन म्हणजे काय, ते सांगायला हवं.

आदल्या डिसेंबरात पाळकसाहेब तीन दिवसांच्या शिबिराला गेले होते. शिबिराहून लोक सर्दी घेऊन येतात, हे कल्पना घेऊन आले. वर्षाच्या शेवटच्या रविवारी ते म्हणाले, "नवं वर्ष आलं की माणूस ठरवतो, वजन कमी करीन, सिगारेट सोडीन, पहाटे फिरायला जाईन. आत्म्याचं काय? आत्म्याला कोणी काट्यावर उभं करतं का?" कोणी करत नव्हतं. म्हणून वाढ समिती निघाली. समितीने फळा करायचं ठरवलं, आणि फळा करायला पेंटर चर्चच्या मंडळीतलाच होता.

सहा फूट बाय चार फूट. वर ठळक अक्षरांत 'या वर्षी आत्मिक वाढीला पहिलं स्थान'. खाली एकाखाली एक मंडळीतल्या मोठ्या माणसांची नावं आणि प्रत्येक नावापुढे बारा महिन्यांचे बारा चौकोन. पेंटरने खडूची दोरी मारून रेघा आखल्या आणि तीन संध्याकाळी बसून नावं लिहिली. आपल्या नावाखाली बायकोचं नाव लिहिताना त्याने जरा जास्त वेळ घेतला. तेव्हा ती मागून म्हणाली, "अहो, सगळी अक्षरं सारखी ठेवा. लोक म्हणतील, बायकोला ठळक केलं."

रोज बायबलचा एक अध्याय वाचायचा, सकाळी प्रार्थना करायची, महिन्यातून एकदा उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायची. प्रत्येकाला एक सोबती नेमून दिलेला. दोघांनी रोज संध्याकाळी एकमेकांना फोन करून झालं की नाही ते विचारायचं. दोघांपैकी एकाचं राहिलं तर दोघांचेही चौकोन रिकामे. नवरा-बायकोला सोबती करायचं नाही, कारण नवरा-बायको एकमेकांना पाठीशी घालतात, असं समितीचं मत होतं. समितीतल्या कोणाच्या घरी तसं घडत असल्याचं पेंटरच्या पाहण्यात नव्हतं.

पेंटरचा सोबती एक विमा एजंट होता. पहिल्याच आठवड्यात दोघांनी ठरवून टाकलं की एकमेकांना फोन करायचा नाही. वर्षभर पाळला गेलेला पेंटरचा तेवढा एकच संकल्प.

बायकोची सोबतीण होती समितीची चिटणीस. निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे तिला बाई म्हणत. महिनाअखेरीला चौकोन हिरव्या रंगाने भरायचं काम तिचंच. पेंटरने तिला छोटा डबा आणि बारीक ब्रश दिला होता. बाई शाळेच्या वह्या तपासाव्यात तशी रंग भरायची, जोर लावून आणि रेघेच्या बाहेर.

पेंटरची बायको इमानाने अध्याय वाचायची आणि रोज बाईला फोन करायची. पण तिचा खरा दिवस शनिवार, आणि शनिवारसाठी फळ्यावर जागाच नव्हती. शनिवारी सकाळी ती एक पिशवी घेऊन सायकलच्या दुकानावरच्या खोलीत जायची. तिथे पेंटरचा उस्ताद राहत असे. नऊ वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली होती आणि मागेपुढे कोणी नव्हतं. खालचा सायकलवाला दोन वेळचं जेवण वर पाठवायचा. बाकीचं ती करायची. चादर बदलायची, दाढी करायची, हातापायाची नखं कापायची, आणि वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या वाचून दाखवायची. त्या ऐकून म्हाताऱ्याला हुशारी यायची. "आणखी एक गेला का? चला," म्हणायचा, "रांग पुढे सरकली."

पेंटर त्या जिन्याच्या वाटेला कधी गेला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी चर्चच्या दर्शनी भिंतीवर नाव लिहायचं होतं. उस्तादाचा हात तेव्हा नुकता कापायला लागला होता. आधीच्या पाळकाने ते काम गुपचूप पेंटरला दिलं आणि पेंटरने ते गुपचूप घेतलं. सकाळी उस्ताद आपले डबे घेऊन आला, तर शिष्य परांचीवर चढलेला. उस्ताद सगळ्यांदेखत म्हणाला, "मी तुला शिडी धरायला शिकवलं, तू शिडी ओढायला शिकलास." त्यावर पेंटर वरूनच म्हणाला, "ज्याचा हात कापतो त्याने रेघ मारू नये." खाली उभे असलेले दोघेतिघे हसले. उस्तादाने डबे उचलले आणि गेला. पुढे त्याची बाजू गेली तेव्हा पेंटर पाहायला गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता न जाणंच अंगवळणी पडलं.

फेब्रुवारीच्या शेवटी बायकोच्या पोटातली गाठ कळली आणि तिला दवाखान्यात घातलं. तिथूनही ती बाईला फोन करून अध्याय झाल्याचं सांगायची. एका संध्याकाळी फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, शनिवारचं तेवढं बघा. दोन शनिवार झाले. त्यांची नखं वाढली की मांसात जातात."

"बघतो."

"बघतो नको. जातो म्हणा."

"अगं, बघतो म्हटलं ना."

तीस वर्षांच्या संसारात 'बघतो'चा अर्थ तिला पाठ झाला होता.

ती गेल्यानंतरचे नऊ महिने पेंटरने पाट्या रंगवण्यात आणि मंडळीला नावं ठेवण्यात काढले. दुसरं काम तो मन लावून करायचा. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्याकडे आत्मा फुटपट्टीने मोजतात. माझ्याकडूनच आखून घेतलंय." लोक हसायचे. हसणारे मिळाले की माणसाला आपलं खरं आहे असंच वाटतं. रोजची प्रार्थना त्याने सोडली होती आणि त्याचं कारणही त्याला पाळकसाहेबांतच सापडलं होतं. शनिवार आला की तो नेमकं गावाच्या दुसऱ्या टोकाचं काम घ्यायचा.

डिसेंबरच्या मध्यावर पाळकसाहेब दुकानात आले. ओल्या पाट्या टाळत, कोट सावरत उभे राहिले.

"पेंटर, तुमची फार आठवण येते हो मंडळीला."

"किती फूट?" पेंटरने विचारलं.

पाळकसाहेब जरा अडखळले. "सहा बाय चारच. जुनी नावं, आणि ही तीन नवीन. वरचं वाक्य मात्र बदलायचंय. गेल्या वर्षी लोकांनी पहिलं स्थान दिलं, पण नीटसं दिलं नाही. म्हणून यंदा 'आत्मिक वाढीला खरंच पहिलं स्थान'."

"खरंच."

"हो, 'खरंच' जरा मोठं करा."

"आणि पुढच्या वर्षी काय, 'आईशप्पथ' का?"

पाळकसाहेब हसले. टोमणा अंगाला लागू न देण्याची त्यांची हातोटी वाखाणण्यासारखी होती. "शेवटच्या रविवारी फळा घेऊन तुम्हीच या. त्या निमित्ताने उपासनाही होईल. दुःखात माणसाने एकटं पडू नये, पेंटर."

"दुकानात एकटं पडायला सवड कुठे असते? दिवसभर तुमच्यासारखे येतातच," पेंटर म्हणाला. पण काम घेतलं.

नावं लिहायला बसला तेव्हा तो आपल्या नावाच्या जागी येऊन थांबला. खाली बायकोचं यायचं होतं. ते तर लिहायचं नव्हतंच. मग स्वतःचंही कशाला, असं म्हणून त्याने पुढच्या माणसाचं नाव तिथे घेतलं. दोन ओळी कमी झाल्या, तिथे दोन नवीन नावं बसली, तिसरं खाली एक ओळ वाढवून घेतलं. फळा कुठे रिकामा दिसला नाही.

फळा न्यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मेहुणी बहिणीचं कपाट आवरायला आली. नऊ महिने त्याने ते उघडू दिलं नव्हतं. खालच्या खणात तिला ती पिशवी सापडली. नेलकटर, दाढीचा ब्रश, धुऊन घडी केलेला पंचा.

"दाजी, हे आता कोण नेतं?"

"कोण नेणार."

"ताईने तुम्हाला सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगितलं होतं."

"बघतो म्हटलं होतं मी."

"नऊ महिने बघताय. दुर्बीण आणून देऊ का?"

"तुला काय माहीत तो म्हातारा काय चीज आहे. माझं तोंड पाहिलं तर थुंकेल."

"थुंकला तर पंचा आहे पिशवीत," मेहुणी म्हणाली आणि पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवून कामाला लागली.

रविवारी सकाळी पेंटर नवा फळा जुन्या चादरीत गुंडाळून चर्चला गेला आणि मागच्या बाकावर बसला. जुना फळा समोरच्या भिंतीवर होता. बहुतेक ओळी एप्रिल-मेपर्यंत हिरव्या होऊन पुढे ओसाड पडल्या होत्या. संकल्पांची तब्येत सगळीकडे सारखीच. स्वतःच्या ओळीत एकही चौकोन भरलेला नव्हता, ते अपेक्षितच होतं. मग त्याची नजर खालच्या ओळीवर गेली.

बायकोची ओळ डिसेंबरपर्यंत हिरवी होती. मार्च, एप्रिल, मे, सगळे महिने. रंग रेघेबाहेर गेलेला. हात कोणाचा ते विचारायची गरज नव्हती.

त्याने ओळ पुन्हा मोजली. मग वर-खाली पाहिलं. संपूर्ण फळ्यावर पूर्ण भरलेल्या ओळी दोनच होत्या, एक बाईची आणि एक त्याच्या बायकोची.

उपदेश झाला. उपदेशात वाढ इतक्या वेळा आली की पेंटरने मोजणं सोडून दिलं. झाडाची वाढ, बाळाची वाढ, पिठाची वाढ. शेवटी पाळकसाहेब नवा चष्मा लावून फळ्याकडे वळले. "या वर्षी आपल्यात एकच जोडी अशी आहे, जिचे चोवीसच्या चोवीस चौकोन भरले. मी त्या दोघींना पुढे बोलावतो." त्यांनी बाईचं नाव घेतलं. आणि त्याच दमात, जिभेवर असलेला जोर आवरायच्या आत, पेंटरच्या बायकोचं नाव घेतलं. एवढंच नव्हे, तर टाळीसाठी हातही वर केले.

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या आणि थांबवल्या. पाळकसाहेबांचे हात वरच राहिले. ज्या माणसाने तिला स्वतः पुरलं होतं तो माणूस तिला बक्षिसाला बोलावत होता. मग त्यांची नजर मागच्या बाकावर गेली आणि नळ पुन्हा सुटला. "आणि... आपली ही बहीण तर आज अशा ठिकाणी आहे, जिथे वाढ पूर्णत्वाला पोचते."

कोणीतरी सवयीने आमेन म्हणालं.

पेंटर उभा राहिला. आवाज चढवायची गरज पडली नाही, कारण सगळे गप्पच होते. "पाळकसाहेब, मार्चनंतरचे तिचे अध्याय कोणी वाचले?"

"आपण उपासनेनंतर बोलू, पेंटर."

"नाही, साधं विचारतोय. कबरीत उजेड पुरतो का, एवढंच."

पहिल्या बाकावरून बाई उठली. वळून पाहिलं नाही. "चौकोन मी भरलेत. मागच्या खोलीत या," ती म्हणाली आणि एखाद्या व्रात्य पोराला बोलावून पुढे चालू लागावं तशी चालू लागली. पेंटर मागोमाग गेला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण गेला.

मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या, गीतपुस्तकांचे गठ्ठे आणि चहाचं मोठं पातेलं होतं. बाईने दार लोटलं.

"बोला. जे बाहेर बोलायचं होतं ते सगळं बोला."

"मेलेल्या माणसाकडून हजेरी घेतलीत तुम्ही."

"घेतली."

"का? तर जोडीतलं एक रिकामं राहिलं की दुसऱ्याचंही रिकामं. म्हणजे तुमचे चौकोन भरावेत म्हणून माझ्या बायकोला वर्षभर वाचायला बसवलंत."

"तेही होतं," बाई म्हणाली. पेंटर नाकारण्याची वाट पाहत होता. "मी संत नाही, पेंटर. बारा महिने नेमाने वाचलं आणि ओळ रिकामी दिसणार, हे मला सहन होईना. समितीला म्हटलं, दुसरी सोबतीण द्या. समिती म्हणाली, वर्षाच्या मध्यात बदल होत नाही. नियम मीच केला होता. स्वतःच्याच नियमात अडकले."

"मग फळा पुसून टाकायचा होता."

"तुमचा ऑइल पेंट पुसला जात नाही."

पेंटरला या बाईचा राग आला आणि त्याच वेळी तिच्या उत्तराला दाद द्यावीशी वाटली, त्याचाही राग आला. "बाई, देवाच्या घरात खोटं लिहिलंत तुम्ही. पोरांच्या वह्यांवर आयुष्यभर लाल रेघा मारल्यात, आणि इथे?"

"खोटं नाही लिहिलं." ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली. "मार्चमध्ये ती मला रोज दवाखान्यातून फोन करायची. अध्याय सांगायची, आणि मग शनिवारचं बोलायची. म्हणायची, 'बाई, यांना सांगितलंय, पण हे जाणार नाहीत. यांचा स्वभाव मला ठाऊक आहे.' मी विचारलं, मग कोण जाणार? दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी गेले."

पेंटरने एक मोडकी खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"पहिल्या दिवशी तुमच्या उस्तादाने मला अशा शिव्या घातल्या की मी शाळेच्या मुतारीच्या भिंतीवरसुद्धा वाचल्या नव्हत्या. दाढी करताना दोनदा कापलं त्याला. म्हणाला, 'मास्तरीण, तू मला मारायला आलीस की वाचवायला, ते ठरव.' पण एक शनिवार चुकवला नाही. मोजा हवं तर. तिचं काम चालू होतं, म्हणून तिचा चौकोन भरत गेले. माझा भरावा म्हणून भरला, हे खरं. तिचा होता म्हणून भरला, हेही खरं. कुठलं जास्त खरं ते देव बघेल. तुम्ही बघायचं कारण नाही."

बाहेर शेवटचं गीत सुरू झालं होतं. कोणीतरी नेहमीप्रमाणे बेसूर होतं.

"तो... माझ्याबद्दल काही बोलतो का?" पेंटरने विचारलं.

"एकदा बोलला. विचारलं, 'तो अजून पाटीवर आडवी काठी धरून, तिच्यावर हात टेकवूनच लिहितो का?' मी म्हटलं, मला काय माहीत. म्हणाला, 'टेकवत असेल तर बरं. अजून पाच वर्षं हात टिकेल.'"

पेंटरने पातेल्याच्या कडेवर बोट फिरवलं.

"एक काम मात्र मला जमलं नाही," बाई म्हणाली. "त्याच्या पायाची नखं. मी पाहिली आणि मला शिसारी आली. हाताची कापते, पण पायाला हात लावू शकत नाही. तिने फेब्रुवारीत कापली होती, तेवढीच. आता ती वळून बोटात शिरलीत. मोजा घालता येत नाही. या मंडळीत वर्षभरात खरोखर काही वाढलं असेल, तर ती नखं."

पेंटर हसला नाही. वर्षभर सगळ्यांवर हसलेला माणूस, पण या वाक्यावर हसायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

"सायकलवाल्याला सांगायचं होतंत," तो म्हणाला.

"तुमच्या बायकोने सायकलवाल्याला नाही सांगितलं."

पेंटर बाहेर आला. पाळकसाहेब दारातच हात जोडून उभे होते. त्यांना क्षमा मागायची होती आणि ती मागताना त्यांनी तीन वाक्यांत वाढ हा शब्द एकदाही वापरला नाही. माणूस घाबरला की थोडा बरा होतो, असं पेंटरच्या मनात आलं. मग आपण त्या जिन्याला घाबरतो, हेही मनात आलं, ते त्याने झटकून टाकलं. त्याने शिडी लावली, जुना फळा उतरवला, नवा चढवला आणि पातळी लावून पाहिली. फळा सरळ होता.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाचं काम घेतलं नाही. दारामागची पिशवी उचलून तो सायकलच्या दुकानापर्यंत गेला. जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. वरून बाईचा आवाज येत होता, वर्गात धडा वाचावा तसा, एकेका मृताचं वय आणि राहण्याचं ठिकाण ठासून सांगणारा. मधूनच म्हातारा काहीतरी बोलायचा आणि बाई म्हणायची, "मध्ये बोलायचं नाही." अकरा वर्षांनी त्याने उस्तादाचा आवाज ऐकला. एका बाजूने ओढला गेलेला, पण ओळखता येणारा.

सायकलवाल्याने पंक्चर काढता काढता विचारलं, "वर जायचंय?"

"नाही, असाच उभा आहे."

"असेच उभे राहणारे पुष्कळ बघितले," सायकलवाला म्हणाला, आणि ट्यूब पाण्यात बुडवली.

वर गेलो तर पहिलं वाक्य काय म्हणायचं, हे पेंटरला सुचेना. हात कापणाऱ्याने रेघ मारू नये, हे आपण म्हणालो होतो, ते परत कसं घ्यायचं? पाट्यांवर त्याने हजारो शब्द लिहिले होते, सगळे दुसऱ्यांनी दिलेले. स्वतःचा एक शब्द लिहायची वेळ आली की घोडं अडत होतं. तो पिशवी घेऊन घरी आला.

दुसऱ्या शनिवारी तो पाच पायऱ्या चढला आणि उतरला. तिसऱ्या शनिवारी त्याला ताप होता. निदान तो तसं म्हणाला. मेहुणीने कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "दाजी, ताप मला लागत नाही. तुम्हाला लागत असेल."

मंडळीला नावं ठेवणं मात्र बंद झालं. दुकानात एका गिऱ्हाईकाने विचारलंसुद्धा, "काय पेंटर, यंदा आत्मा किती इंच वाढला तुमच्याकडे?" पेंटरने ब्रश पुसला आणि म्हणाला, "पाटीवर काय लिहायचं ते सांगा." सकाळी उठल्यावर तो खाटेच्या कडेवर थोडा वेळ बसतो. त्याला प्रार्थना म्हणावं असं त्यात काही नाही. शब्द येत नाहीत. पण बसतो.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो उपासनेला गेला. फळ्यावर सगळ्यात खाली, त्याच्या सरळ अक्षरांच्या रांगेखाली, कोणीतरी त्याचं नाव घातलं होतं. अक्षरं एकमेकांना ढकलत होती, शेवटची दोन तर कडेवरून खाली पडायच्या बेतात होती. बाईने सोबती म्हणून स्वतःचं नाव पुढे बारीक लिहिलं होतं. म्हणजे त्याचा चौकोन रिकामा तर तिचाही रिकामा. जानेवारीचे दोन्ही चौकोन पांढरे होते. या वेळी बाईने कुणाच्या वतीने काही भरलं नव्हतं.

ते अक्षर त्याच्याच्याने बघवेना. तरी त्याने ते पुसलं नाही आणि नीटही केलं नाही.

आज फेब्रुवारीची दोन तारीख, शनिवार. उस्तादाच्या पायाची नखं अजून कापलेली नाहीत.